दंड, काना आणि एक परकी उभी रेघ

इंदूरच्या एका परिचित मराठी कुटुंबाने मध्यंतरी आपल्या आजींच्या हस्तलिखित वहीतील अभंग, ओव्या, आरत्या आणि पदे एकत्र करून एक छोटी पुस्तिका छापली व अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवली. मूळ वही मी तीस वर्षांपूर्वी पाहिली होती. काळ्या शाईतील बाळबोध अक्षर, चरणांच्या शेवटी तांबड्या शाईने ओढलेले दंड आणि कडव्यांचे आकडेही तांबडेच. पोथी लिहिणाऱ्यांची ही जुनी रीत आजींनी कोणाकडून उचलली, हे घरात कोणाला सांगता आले नाही. ती वही पुस्तकरूपाने जतन झाली याचा आनंद मोठाच आहे, आणि पुढे जे दोष दाखवणार आहे ते त्या आनंदाला उणेपणा आणण्यासाठी नव्हेत. परंतु पुस्तिका वाचताना मी पहिल्याच पानावर अडखळलो, आणि शेवटपर्यंत अडखळतच राहिलो. अडखळण्याचे कारण एकही अक्षर नव्हते. ते होते एक विरामचिन्ह, किंवा अधिक नेमके बोलायचे तर, एकाच विरामचिन्हाच्या जागी येऊन बसलेली तीन वेगवेगळी चिन्हे.

प्रस्तावना मराठी गद्यात आहे. तिच्यातील प्रत्येक वाक्य हिंदीप्रमाणे उभ्या दंडाने संपते. अक्षरजुळणी करणाऱ्याला हिंदीचा सराव, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला असावा. उलट पुढे जिथे दंड खरोखर हवा होता तिथे, म्हणजे अभंगांत, निम्म्या पानांवर टिंबाचा पूर्णविराम आहे. उरलेल्या पानांवर उभी रेघ आहे खरी, पण ती दंड नव्हे. अक्षरांच्या वर डोके काढणारी आणि ओळीच्या खाली लोंबणारी ती रेघ इंग्रजी कळफलकावरून आलेली आहे. देवनागरी दंड शिरोरेषेच्या उंचीपासून अक्षराच्या पायापर्यंत असतो, ओळीत नीट मावतो. ही दुसरी रेघ अक्षरांच्या पंगतीत परक्या माणसासारखी ताठ उभी राहते. सरावलेल्या डोळ्याला फरक लगेच कळतो. ज्याला कळत नाही त्याच्यापुरता तो नसतोच, आणि खरी अडचण तिथेच आहे.

या परक्या रेघेचे कूळ थोडक्यात सांगणे भाग आहे. बहुतेक संगणकांच्या कळफलकावर ती उजव्या हाताला, तिरप्या रेघेच्याच कळेवर वर छापलेली असते आणि शिफ्टची कळ दाबून उमटते. अनेक जुन्या कळफलकांवर ती मध्ये तुटलेली दिसे. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या अक्षरसंकेतात, ज्याला आस्की म्हणतात, ती नव्हती. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत ती आली आणि तिला १२४ हा क्रमांक मिळाला. गणितात संख्येचे केवल मूल्य दाखवण्यासाठी संख्येच्या दोन्ही बाजूंना अशा रेघा ओढण्याची पद्धत वायरश्ट्रासच्या काळापासूनची, १८४१ ची. संगणकात मात्र तिला खरी प्रतिष्ठा लाभली ती १९७३ मध्ये. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांची कल्पना केन टॉमसन यांनी युनिक्स या प्रणालीत उतरवली. एका आज्ञेतून जे बाहेर पडेल ते पुढच्या आज्ञेत नळातून सोडल्यासारखे जावे, एवढ्यासाठी दोन आज्ञांच्या मध्ये ही रेघ लिहायची. तिचे नावच मुळी पाईप, म्हणजे नळी. तेव्हा जिचे काम थांबवण्याचे नसून पुढे वाहू देण्याचे आहे, ती रेघ आपण विरामासाठी वापरत आहोत.

आकृती जवळजवळ सारखीच असताना एवढा खल कशासाठी, असे पुस्तिकेच्या एका तरुण संपादकाने मला नम्रपणे विचारले. प्रश्न रास्त आहे. संगणक आकृती पाहत नाही, तो क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये दंडाचा क्रमांक २४०४, दुहेरी दंडाचा २४०५. विशेष म्हणजे देवनागरीच्या विभागात नोंदलेले हे दोन दंड एकट्या देवनागरीचे नाहीत. बंगाली, गुरुमुखी, ओडिया, तेलुगू, कन्नड अशा अनेक लिप्यांनी हेच दंड वापरावेत अशी तिथे व्यवस्था आहे. अशी सामाईक वतनवाडी सोडून आपण १२४ क्रमांकाच्या दारी गेलो, तर पुढे जो कोणी या पुस्तिकेतील चरण संगणकाकडून शोधू, मोजू किंवा जुळवू पाहील त्याला तिथे दंड सापडणारच नाही. याच कुटुंबातील एक वृद्ध काका दृष्टी अधू झाल्यामुळे मजकूर संगणकाकडून वाचून घेतात. आईच्या वहीतील अभंग त्यांनी ऐकायला घेतला तेव्हा चरणाच्या शेवटी दरवेळी ‘व्हर्टिकल बार’ असा पुकारा होऊ लागला. त्यांनी हसून तो बंद केला. मला ते हसू फारसे आवडले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दंड आणि पूर्णविराम ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत, एक देशी आणि एक विलायती, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. हा समज चुकीचा आहे असे माझे मत आहे. मराठीपुरते तरी ही दोन वेगळी चिन्हे आहेत, दोन वेगळी कामे करणारी आहेत, आणि मराठीने दोन्ही राखली हे तिचे वैभव आहे.

आपल्या जुन्या गद्याला विरामचिन्हांची गरजच भासली नाही. होळकरांच्या किंवा शिंद्यांच्या दप्तरातील एखादे मोडी पत्र डोळ्यांपुढे आणावे. कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, तिच्याखाली अक्षरे लगटून आलेली. शब्दांत अंतर नाही, वाक्यांत खूण नाही. तरीही कारकुनाला वाक्य कुठे संपते ते कळे, कारण मराठी वाक्याच्या अखेरीस क्रियापद येते आणि तेच विरामाचे काम करते. ‘ऊन’ लावलेली रूपे एकामागून एक येत राहिली की वाक्य अजून चालू आहे, आणि ‘केले’, ‘आले’, ‘पाठविले’ असे आले की ते टेकले. मोडीत दंड का रुळला नाही याविषयी माझा एक तर्क आहे. आधीच ओढलेल्या सलग शिरोरेषेखाली उभी रेघ काढली तर ती काना ठरण्याचा धोका फार. मात्र पत्र जिथे संपे तिथे खूण असेच. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवलेली असे आणि तिच्यापुढे कोणाला एक अक्षर घुसडता येत नसे. मराठी गद्याचा पहिला पूर्णविराम कोणता असे मला विचारले तर मी या मर्यादेच्या शिक्क्याकडे बोट दाखवीन. तो वाक्याचा नव्हे, सबंध लेखाचा विराम होता.

वाक्यागणिक विराम आला तो छापखान्याबरोबर. मेजर थॉमस कँडी यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागते. मोल्सवर्थ यांच्यासमवेत त्यांच्या नावे असलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ चा, आणि मराठी विरामचिन्हांची परिभाषा सांगणारे त्यांचे पुस्तक १८५० चे. कँडी यांच्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर आपण पुष्कळ टीका केली आहे. ती अनाठायीही नाही. परंतु शालेय पुस्तकांतून आलेले ते टिंब मराठी गद्याने बघता बघता आपलेसे केले. १८७४ मध्ये निबंधमाला निघाली तेव्हा परभाषेच्या अनुकरणावर तुटून पडणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतः स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम यांच्या आधारावाचून आपली ती लांबलचक, डौलदार वाक्ये तोलू शकले नसते. गुजरातीने टिंबच स्वीकारले, कन्नड आणि तेलुगूनेही तेच केले. त्यामुळे बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या बांधवांना हा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडतो आम्हाला, इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांना, कारण आमच्या भोवतीच्या हिंदीने गद्यातही उभी पाई ठेवली. काही हिंदी वृत्तपत्रांनी मध्यंतरी टिंब स्वीकारले ही गोष्ट वेगळी. केंद्रीय हिंदी निदेशालयाची शिफारस उभ्या पाईचीच आहे आणि हिंदीच्या दृष्टीने ती योग्यही आहे.

मग मराठीत दंडाचे काय झाले? तो पद्यात राहिला. संस्कृत श्लोकाच्या अर्ध्यावर एक आणि शेवटी दोन, ही त्याची मूळ जागा. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. पोथ्या हस्तलिखितातून छापात आल्या त्या दंडासकट आल्या. पण प्राकृतात येताना त्याने छंदागणिक आपली जागा बदलली, आणि ही गोष्ट आमच्या अक्षरजुळणीकारांच्या ध्यानात यावी असे मला फार वाटते.

ज्ञानेश्वरीची ओवी घ्या. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा चरण आखूड आणि यमकातून मोकळा. छापील प्रतींत प्रत्येक चरणाशी एक दंड आणि शेवटी दोन दंडांच्या मध्ये ओवीचा आकडा असतो. यातला एकही दंड अर्थाचा विराम दाखवीत नाही. माउलींची उपमा ‘जैसें’ म्हणून सुरू होते, एक दृष्टान्त, दुसरा, तिसरा अशी तीन-चार ओव्या ओलांडत जाते आणि मग कुठे ‘तैसें’ येऊन वाक्य घराला लागते. तोवर किती दंड, किती दुहेरी दंड, किती आकडे मागे पडलेले असतात! वाक्य वाहत असते आणि दंड श्वास मोजत असतो. अर्थाचे वाक्य आणि श्वासाचे माप यांच्यातील हा ताण हाच ओवीच्या वाचनातील अर्धा आनंद आहे. या दंडांच्या जागी टिंबे घातली की वाचक प्रत्येक चरणाला वाक्य समजून थांबतो, ‘जैसें’ अधांतरी लोंबते आणि ‘तैसें’ कोणाशी बोलते आहे ते कळेनासे होते. पुस्तिकेतील ओव्यांचे नेमके असेच झाले आहे. कुटुंबातील एक नात, मराठी ती घरातच शिकली आहे, मला त्या ओव्या वाचून दाखवीत होती. प्रत्येक टिंबाला ती गुणी मुलीसारखी थांबे आणि मान वर करून बघे. तिचे काहीच चुकत नव्हते. छापले होते तसे ती वाचत होती.

अभंगाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, आणि यमक जुळते ते दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे. १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली तुकोबांची गाथा असो वा तिच्यावरून पुढे झालेल्या प्रती असोत, एकेरी दंड येतो तो दुसऱ्या चरणानंतर. म्हणजे दंडाच्या अलीकडे एक यमक आणि पलीकडे दुसरे. गाणारा दुसऱ्या चरणाशी क्षणभर टेकतो आणि ते यमक कानात असतानाच तिसरा चरण त्याला येऊन भिडतो. इथे टिंब घातले तर यमकाच्या ऐन सांध्यावर कुऱ्हाड पडते. आणि आमच्या संपादकांनी काही ठिकाणी केले आहे त्याप्रमाणे ओवीच्या धर्तीवर प्रत्येक सहा अक्षरांमागे दंड घातला, तर अभंगाची चाल मोडून त्याचे पाढे होतात. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आकड्याऐवजी येणारा ‘ध्रु.’ पुस्तिकेत बहुतेक ठिकाणी गळाला आहे. तो छपाईचा अलंकार नव्हे. इथे परत या, अशी टाळकऱ्यांना केलेली ती सूचना आहे. सूचना गळाल्यावर ज्याला चाल मुळातच माहीत आहे तोच गाऊ शकतो, आणि आपल्या घरांतून चाल माहीत असणारे आता किती उरले, ते ज्याचे त्याने मोजावे.

मराठी गद्यातही आता स्वदेशी दंडच आणावा, टिंब परके आहे, असे म्हणणारे सद्गृहस्थ अधूनमधून भेटतात. त्यांच्या भावनेचा आदर ठेवूनही मला ते पटत नाही. पावणेदोनशे वर्षे ज्याने आपली वाक्ये सांभाळली त्याला परके म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. शिवाय गद्यात दंड आला की पद्यातील दंडाचे वेगळेपण बुडाले. आज मराठी पानावर दंड दिसताच वाचकाच्या मनात आपोआप चाल सुरू होते; हे पद्य आहे, हे म्हणायचे आहे, हे शब्द वाचण्याआधीच कळते. एवढी सोय एका रेघेने करून दिलेली असताना ती गद्यात उधळण्यात काय शहाणपण? आमच्या पुस्तिकेची प्रस्तावना हिंदी दंडांमुळे हिंदीतून उतरवल्यासारखी वाटते, वास्तविक ती उत्तम मराठीत आहे. हिंदीविषयी माझ्या मनात अणुमात्र दुरावा नाही. तिच्याच अंगणात आमच्या पिढ्या वाढल्या. पण शेजाऱ्याचे जोडे आपल्याही मापाचे निघाले म्हणून कोणी ते घालून घरी येत नाही.

उपाय अवघड नाही, म्हणून तर खंत अधिक. भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात टिंब आणि दंड एकाच कळेवर आहेत. नुसती कळ दाबली की टिंब, शिफ्टसह दाबली की दंड. जणू आखणी करणाऱ्याने दोघांचे नाते ओळखूनच त्यांना एका घरात, पण वरच्या आणि खालच्या मजल्यावर ठेवले. तरीही रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय लागलेले हात दंडासाठी इंग्रजी कळफलकावरील दिसेल ती रेघ उचलतात. हाच प्रकार विसर्गाचा. ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाऐवजी इंग्रजी अपूर्णविरामाची दोन टिंबे घातलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की आता दुःख करायचेही सोडून दिले. पुस्तिकेत आणखी एक दोष वारंवार आहे. दंडापूर्वी मोकळी जागा सोडायची आपली पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण संगणक ओळ मोडतो ती नेमकी त्या मोकळ्या जागेवर, आणि चरण वरच्या ओळीत राहून दंड एकटाच खालच्या ओळीच्या आरंभी जाऊन बसतो. अशा वेळी न तुटणारी मोकळी जागा म्हणून जी एक स्वतंत्र सोय संगणकात असते ती वापरावी. दंडाच्या मागची जागाच काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे.

का नव्हे, हे मला त्या मूळ वहीनेच शिकवले. दुसऱ्या आवृत्तीसाठी वही आणि पुस्तिका समोरासमोर ठेवून आम्ही तिघे-चौघे चार रविवार बसलो. बहुतेक चुका निस्तरल्या. पण शेवटच्या काही पानांवर तांबडी शाई संपली असावी, किंवा आजींची नजर मंदावली असावी; तिथे दंडही काळ्याच शाईत आहेत, अक्षराला चिकटलेले आहेत आणि शिरोरेषा ओढायची त्यांनी सोडून दिली आहे. एका पदात ‘राम’ या अक्षरांना लागून एक उभी रेघ आहे. ती काना मानली तर शब्द ‘रामा’ होतो, ती हाक ठरते आणि पुढचा सगळा चरण रामाला उद्देशून होतो. ती दंड मानली तर ‘राम’ तिथे संपतो आणि पुढचा चरण रामाविषयी कोणा तिसऱ्याला सांगितलेला ठरतो. छापील पुस्तिकेत तिथे टिंब घालून प्रश्न मिटवला होता. पदाचे दुसरे लेखी रूप आम्हाला मिळाले नाही. आजींच्या धाकट्या जाऊबाई हयात आहेत, त्यांना म्हणायला सांगितले. त्यांनी पहिल्या वेळी ‘रामा’ म्हटले. पुन्हा म्हणायला सांगितले तेव्हा ‘राम’ म्हणून त्या किंचित थांबल्या आणि पुढे गेल्या. दोन्ही वेळा चाल बिनचूक होती. त्या पानाची जुळणी अजून व्हायची आहे.